गायक बदलतो तेव्हा : ऑपेरा, त्याचा प्रेक्षक आणि ऐन वेळची बदली



निमंत्रणपत्रिकेवर या व्याख्यानासाठी जे नाव छापले होते ते माझे नव्हे, हे आपण जाणताच. ज्या विद्वान वक्त्यांना ऐकण्याच्या ओढीने आपण आज येथे आला आहात, त्यांना प्रकृतीच्या कारणाने येणे शक्य झाले नाही, आणि चार दिवसांपूर्वी शाळेच्या चालकांचा निरोप माझ्याकडे आला. नाटकमंडळींच्या भाषेत सांगायचे तर मी आजचा बदली नट आहे. मोठ्या नावाच्या जागी दुसरा कोणी उभा राहिला म्हणजे सभागृहात नेमके काय घडते, हा प्रश्न त्यामुळे चार दिवस माझ्या मनात घोळत राहिला. संगीत नाटकाचा अभ्यास करताना तुलनेसाठी म्हणून मी पाश्चात्त्य ऑपेराकडे वळलो होतो, आणि या प्रश्नाचा सर्वांत समृद्ध इतिहास त्याच रंगभूमीवर सापडतो. म्हणून आज तोच विषय आपल्यापुढे मांडतो.

घशाचा भरवसा

ऑपेरा म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत बहुतांशी गाऊनच सादर होणारे नाटक. त्याची जी परंपरा युरोप-अमेरिकेतील मोठ्या रंगमंदिरांनी जपली, तिच्यात गायकापुढे ध्वनिवर्धक नसतो. समोर साठ-सत्तर, प्रसंगी त्याहूनही अधिक वाद्यांचा मेळ वाजत असतो आणि त्या नादावरून गायकाचा आवाज शेवटच्या सज्जापर्यंत पोचावा लागतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रेक्षागृहात सुमारे ३,८०० आसने आहेत. एवढा विस्तार निव्वळ कंठाच्या बळावर भरून काढायचा, म्हणजे स्वरतंतूंवर केवढा ताण पडत असेल याची कल्पना करावी. मोठी भूमिका गाणारा कलावंत दोन प्रयोगांमध्ये काही दिवसांची विश्रांती घेतो ती याचसाठी.

हे स्वरतंतू फार नाजूक असतात. आपल्याला साधे पडसे झाले तर फारतर शाळेचा एक तास कंटाळवाणा होतो; ऑपेराच्या गायकाला तेच पडसे झाले तर स्वरतंतूंना सूज येते आणि वरचे स्वर लागेनासे होतात. शिवाय ही सूज उतरेल की वाढेल याचा अंदाज सकाळी येत नाही. गायक दुपारपर्यंत वाट पाहतो, वाफ घेतो, वैद्याला दाखवतो, हळूच एखादा स्वर लावून बघतो. आणि मग संध्याकाळी, प्रेक्षक घरून निघालेले असताना, रंगमंदिरात निरोप येतो. मोठ्या गायकांच्या ऐन वेळच्या नकारांना पुष्कळदा लहरीपणा म्हटले जाते. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु वेळेचा हा ऐनपणा मुळात शरीराच्या स्वभावातूनच येतो, हे विसरू नये.

यावर मोठ्या रंगमंदिरांनी एक व्यवस्था उभी केली. प्रत्येक प्रमुख भूमिकेसाठी आणखी एक गायक नेमलेला असतो. त्याला तेथे ‘कव्हर’ म्हणतात. त्याने भूमिका पूर्ण तयार ठेवायची, तालमींना बसायचे आणि प्रयोगाच्या रात्री रंगमंदिरात, निदान जवळपास, बोलावताच येता येईल असे राहायचे. बहुतेक रात्री त्याच्यावर गाण्याची वेळ येत नाही. त्याचे मानधन मात्र त्याला मिळते. जर्मनीतील लहानमोठ्या शहरांच्या रंगमंदिरांत आणखी एक रीत आहे. शेजारच्या शहरातून ती भूमिका पाठ असलेला गायक आगगाडीने बोलावतात आणि तासा-दोन तासांत साहाय्यक दिग्दर्शक त्याला हालचाली समजावून सांगतो. तेवढाही वेळ नसेल तर नवा गायक रंगमंचाच्या कडेला स्वरलिपीचा ठोकळा पुढे ठेवून गातो आणि मूळ गायक किंवा साहाय्यक दिग्दर्शक मध्यभागी मूकपणे अभिनय करतो. प्रेक्षक हा जोडप्रयोग निमूटपणे स्वीकारतात.

हे शक्य होते याचे कारण ऑपेरातील संगीत लिहिलेले असते. कोणत्या मात्रेवर कोणता स्वर, किती जोराने, किती लांब, हे रचनाकाराने कागदावर नोंदवून ठेवलेले असते. मात्र हेही पहिल्यापासून तसे नव्हते. अठराव्या शतकात इटलीतील नामांकित गायक आपली आवडती गाणी जणू प्रवासाच्या पेटीत घेऊनच हिंडत. नाटक कोणतेही असो, रचनाकाराचे पद बाजूला सारून ते आपले हुकमी पद त्यात घालीत. अशा पदांना ‘पेटीतली गाणी’ याच अर्थाचे नाव इटालियन भाषेत पडले. त्या काळी गायक बदलला की संगीतही बदलत असे. एकोणिसाव्या शतकात व्हेर्दी, वॅग्नर यांच्यासारख्या रचनाकारांनी आपला शब्द अखेरचा केला आणि कृती गायकाहून मोठी ठरली. आजची बदलीची व्यवस्था या स्थित्यंतरावर उभी आहे.

पडद्यापुढे आलेला माणूस

व्यवस्था झाली, तरी प्रेक्षकाचे मन तिच्याप्रमाणे चालतेच असे नाही. तिकिटाबरोबर ‘भूमिकांत बदल होऊ शकतो’ अशी सूचना असते. पण प्रेक्षकाने पैसे मोजलेले असतात ते एका नावासाठी. कार्यक्रमपत्रिकेत एक लहानशी चिठ्ठी घातलेली आढळते, किंवा दिवे मंदावल्यावर पडद्यापुढे व्यवस्थापक येऊन उभा राहतो. तो तोंड उघडण्यापूर्वीच सभागृहातून निराशेचा एक सुस्कारा निघतो.

न्यूयॉर्कमध्ये २८ सप्टेंबर १९६८ रोजी असेच घडले. चिलेआच्या ‘आद्रियाना लेकुव्रर’ या ऑपेरात रेनाता तेबाल्दी हिच्यासमवेत फ्रांको कोरेल्ली गाणार होता. कोरेल्ली म्हणजे त्या काळच्या न्यूयॉर्ककरांचे दैवतच. प्रयोगाला तासाभराचाही अवधी उरला नसताना त्याने नकार कळवला. त्याच भूमिकेत थोड्याच दिवसांनी पदार्पण करणारा प्लासिदो दोमिंगो नावाचा तरुण गायक त्या वेळी शहराबाहेरील आपल्या घरी होता. तो मोटार हाकीत निघाला आणि वाटेतच आवाज तापवू लागला. आत्मचरित्रात त्याने सांगितले आहे की, सिग्नलपाशी शेजारच्या मोटारीतील मंडळी त्याच्याकडे पाहून हसू लागली. आपण कोठे निघालात, असे त्याने विचारले. ती मंडळी ऑपेरालाच निघाली होती. मग हसू नका, थोड्या वेळाने तुम्ही माझेच गाणे ऐकणार आहात, असे सांगून तो पुढे गेला. त्या रात्री झालेले त्याचे पदार्पण पुढील पन्नास वर्षांच्या कारकिर्दीचा आरंभ ठरले.

अशा आरंभांची यादी मोठी आहे. ६ डिसेंबर १९४१ रोजी त्याच संस्थेत लोटे लेमान आजारी पडली, तेव्हा अ‍ॅस्ट्रिड व्हार्ने या २३ वर्षांच्या मुलीला वॅग्नरच्या ‘दी वाल्क्युरे’मध्ये झिगलिंडे म्हणून उभे करण्यात आले. तिच्या नावावर तोवर एकही प्रयोग नव्हता. सहाच दिवसांनी त्याच ऑपेरातील नायिका ब्रुनहिल्डे हिची भूमिकाही तिला अशीच ऐन वेळी करावी लागली. व्हेनिसमध्ये जानेवारी १९४९ मध्ये मारिया कॅलास हीच ब्रुनहिल्डेची भारदस्त भूमिका करीत होती. तेवढ्यात ‘ई प्युरितानी’ या बेल्लिनीच्या ऑपेरातील नायिका मार्गेरिता कारोसिओ आजारी पडली. ही भूमिका चपळ तानांची, हलक्या आवाजाची, म्हणजे गायकीच्या अगदी दुसऱ्या टोकाची. संचालक तुल्लिओ सेराफिनच्या आग्रहावरून कॅलासने अवघ्या काही दिवसांत ती बसवली आणि एकच कंठ दोन्ही टोके पेलू शकतो हे इटलीला दाखवून दिले.

अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर एप्रिल २०१४ चे घेता येईल. ४ तारखेच्या रात्री क्रिस्टीन ओपोलाइस हिने न्यूयॉर्कमध्ये ‘मादाम बटरफ्लाय’ गायिले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास तिला दूरध्वनी आला. दुपारच्या ‘ला बोएम’मधील अनिता हार्टिग आजारी होती आणि तो प्रयोग देशोदेशींच्या चित्रपटगृहांत थेट दाखवला जायचा होता. ओपोलाइसने प्रथम नाही म्हटले, मग होकार दिला. चोवीस तासांच्या आत ती दोन वेगवेगळ्या नायिका म्हणून उभी राहिली.

प्रेक्षक टाळी कशासाठी वाजवतो?

या प्रसंगांतील प्रेक्षकाचे मन उलगडून पाहिले तर त्यात एकात एक गुंतलेल्या अनेक भावना दिसतात. पहिली अर्थातच निराशा. पण पडदा वर गेल्यावर दुसरी जागी होते ती न्यायबुद्धी. समोरच्या माणसाने काही अपराध केलेला नाही, उलट सर्वांची अडचण त्याने दूर केली आहे, हे प्रेक्षकाला कळते. तिसरी भावना काळजीची. हा वरचा स्वर लागेल ना, हा प्रवेश नीट जमेल ना? आणि या काळजीपोटी प्रेक्षक एरवीपेक्षा अधिक कान देऊन ऐकू लागतो. प्रसिद्ध गायकाचे गाणे आपण पुष्कळदा आठवणीतूनच ऐकत असतो. अनोळखी गायकाचे गाणे मात्र प्रत्यक्षच ऐकावे लागते. चौथी भावना थोडी स्वार्थाची आहे : ‘त्या रात्री मी तेथे होतो’ असे पुढे सांगता यावे ही.

या भावनांचा व्यवस्थापक उपयोगही करून घेतात. मेट्रोपॉलिटनचे सर्वाधिकारी रुडॉल्फ बिंग यांनी १९५८ च्या नोव्हेंबरात कॅलासशी केलेला करार मोडला. त्यामुळे ५ फेब्रुवारी १९५९ च्या ‘मॅकबेथ’मध्ये तिच्या जागी लेओनी रिझानेक उभी राहणार होती. प्रेक्षक आपला राग या निरपराध गायिकेवर काढतील अशी धास्ती बिंग यांना वाटली. तेव्हा त्यांनी सभागृहात एक माणूस पेरला आणि रिझानेकने प्रवेश करताच त्याला कॅलासच्या नावाचा जयघोष करायला लावला. नव्या गायिकेवर होणारा हा अन्याय पाहून बाकीचे सभागृह आपोआप तिच्या बाजूचे झाले. ही युक्ती बिंग यांनी पुढे स्वतःच आठवणींत सांगितली. त्याच बिंग यांच्यावर २८ डिसेंबर १९५९ रोजी चमत्कारिक प्रसंग आला. ‘ट्रिस्टान अँड इझोल्ड’च्या नायकाची भूमिका गाऊ शकणारे तिघेही आजारी पडले. पूर्ण प्रयोग एकालाही झेपणार नव्हता. बिंग यांनी प्रत्येकाला एकेक अंक गाण्याची गळ घातली, आणि सुदैवाने या ऑपेराचे अंक तीनच आहेत अशा आशयाचे निवेदन करून सभागृहाला हसवले. बिर्गिट निल्सनची इझोल्ड त्या रात्री तीन ट्रिस्टानांवर प्रेम करून गेली, आणि प्रेक्षकांनी तेही आनंदाने स्वीकारले.

याउलट प्रेक्षकाचा कठोरपणाही नोंदवला पाहिजे. मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात १० डिसेंबर २००६ रोजी ‘आयिदा’चा प्रयोग चालू असताना रोबेर्तो आलान्या याच्या पहिल्याच पदावर वरच्या सज्जातून हुर्यो उठली. त्याने हात वर करून निरोप घेतला आणि तो रंगमंचावरून निघून गेला. वाद्यमेळ थांबला नाही. आंतोनेल्लो पालोम्बी हा बदली गायक अंगावरच्या नेहमीच्या कपड्यांनिशी प्राचीन इजिप्तच्या देखाव्यात लोटला गेला आणि जेथे सूर तुटला होता तेथून त्याने गाणे उचलले. त्याच्यावरही काहींनी धिक्काराचे शब्द फेकले. आलान्यावरचा राग पालोम्बीला सोसावा लागला. बदली गायकाचे प्राक्तन पुष्कळदा असेच असते : अनुपस्थित माणसावरचे प्रेम किंवा राग, दोन्ही त्याच्याच अंगावर येतात.

ही गोष्ट लुचानो पावारोत्ती याच्या आयुष्यात दोन टोकांनी पाहायला मिळते. १९६३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन येथे ज्युसेप्पे दि स्तेफानो ‘ला बोएम’मधून बाजूला झाला, तेव्हा त्याच्या जागी राखून ठेवलेला पावारोत्ती हा सत्तावीस वर्षांचा अप्रसिद्ध तरुण उभा राहिला, आणि तेथून त्याचे नाव जगभर गेले. एकोणचाळीस वर्षांनी, ११ मे २००२ रोजी, न्यूयॉर्कमध्ये तोच पावारोत्ती ‘तोस्का’ गाणार होता. हा त्याचा तेथील निरोपाचा प्रयोग ठरेल असे सर्वांना वाटत होते. विशेष तिकिटांचे दर १,८७५ डॉलरपर्यंत गेले होते आणि बाहेरच्या चौकात पडद्यावर प्रयोग पाहण्यासाठी सुमारे तीन हजार लोक जमले होते. प्रयोगाची वेळ जवळ आली असताना पावारोत्तीने आजारपणामुळे नकार कळवला. व्यवस्थापक जोसेफ व्होल्पी यांना एकट्यानेच पडद्यापुढे यावे लागले. त्यांनी मात्र या भीतीने आधीच इटलीहून साल्वातोरे लिचित्रा या तरुण गायकाला कॉन्कॉर्ड विमानाने बोलावून घेतले होते. लिचित्राने गायिले आणि नाराज होऊन बसलेल्या त्याच सभागृहाने त्याच्यावर टाळ्यांचा वर्षाव केला. एके काळचा बदली गायक आता रिकाम्या जागेचे कारण झाला होता.

पण येथेच थोडे थांबून विचार केला पाहिजे. ती टाळी लिचित्राच्या गाण्याला किती आणि त्याने वेळ निभावून नेली याला किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. पावारोत्तीचा वारसदार हे बिरूद त्याला त्या एका रात्रीत चिकटले आणि पुढे त्याच्या प्रत्येक प्रयोगावर त्या अपेक्षेचे ओझे राहिले. २०११ साली सिसिलीत स्कूटरच्या अपघातानंतर वयाच्या ४३ व्या वर्षी त्याचे निधन झाले. ऐन वेळी उभे राहणाऱ्याला प्रेक्षक जे औदार्य दाखवतो, तेही कधी कधी जड जाते.

जेथे बदली नसते

आता या साऱ्या विवेचनाच्या मुळाशी असलेल्या मुद्द्याकडे वळतो. बदली गायकाची व्यवस्था ही केवळ प्रेक्षकांच्या किंवा तिकीटविक्रीच्या सोयीसाठी आहे असे समजले जाते. माझ्या मते ती त्याहून अधिक मूल्याची आहे. कलावंताला आजारी पडण्याची, थकण्याची, शोक करण्याची मुभा तिच्यामुळेच मिळते.

ती नसेल तर काय होते, हे ऑपेरानेही पाहिले आहे. २ जानेवारी १९५८ रोजी रोममध्ये कॅलास ‘नॉर्मा’ गाणार होती. इटलीचे राष्ट्राध्यक्ष ग्रोंकी सभागृहात होते. तिचा घसा ठीक नव्हता, पण तयार बदली गायिका नव्हती. ती गाऊ लागली आणि पहिल्या अंकानंतर पुढे गाऊ शकली नाही. प्रयोग तेथेच संपला. लोक संतापले आणि वृत्तपत्रांनी तिच्यावर गहजब केला. पुढील प्रयोगांना आनिता चेर्क्वेत्ती हिला उभे करण्यात आले. कॅलासने रंगमंदिराविरुद्ध दावा लावला आणि तो तिने अनेक वर्षांनी जिंकला. पण त्या रात्रीचा डाग तिच्या नावाला चिकटला तो चिकटलाच.

याच्या उलट चित्र ११ डिसेंबर १९२० चे आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एनरिको कारुसो गात असताना त्याच्या घशातून रक्त येऊ लागले. एकामागून एक हातरुमाल रक्ताने भरत होते आणि तो गातच होता. अंक संपल्यावर व्यवस्थापनाच्या माणसाने पुढे येऊन सांगितले की, श्रोत्यांची इच्छा असेल तर कारुसो पुढे गाण्यास तयार आहे. प्रेक्षकांनी एकमुखाने नको म्हटले आणि ते उठून घरी गेले. त्या रात्री कारुसोच्या जागी गाणारा दुसरा कोणी नव्हता. प्रेक्षकाची माणुसकीच त्याच्या मदतीला आली. आठ महिन्यांच्या आतच, २ ऑगस्ट १९२१ रोजी, कारुसो हे जग सोडून गेला.

आणि येथे, रसिकहो, आपल्या संगीत रंगभूमीची आठवण होणे अपरिहार्य आहे. आपल्या नाटकाच्या पुस्तकात पदाचे शब्द असतात आणि वर ‘चाल’ म्हणून एखाद्या चिजेचा निर्देश असतो. बाकीचे सारे, तो विस्तार, ती लय, ती हरकत, गायकनटाच्या गळ्यात असते. त्यामुळे दुसरा नट उभा केला तर पद तेच राहते, पण गाणे ते राहत नाही. आपल्या बडोद्याहून अण्णासाहेब किर्लोस्करांनी नेलेले भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले, तेव्हा किर्लोस्कर मंडळीचा एक नटच गेला असे नव्हे. तिच्या संगीताचा मोठा भाग गेला. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, येईपर्यंत मंडळीला पूर्वीचे दिवस दिसले नाहीत.

त्याच बालगंधर्वांची १२ मार्च १९११ ची हकीकत आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांच्या लहानग्या मुलीचे निधन झाले. त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. ते रंगभूमीवर गेले आणि भामिनी म्हणून गायिले. ही हकीकत कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून मी स्वतः वर्गात अनेक वर्षे सांगितली, आणि बालगंधर्वांच्या निष्ठेबद्दल माझ्या मनात आजही तितकाच आदर आहे. परंतु ऑपेराचा हा इतिहास वाचल्यावर मला एक प्रश्न सतावू लागला. त्या रात्री भामिनी दुसऱ्या कोणी गावी, असे ना मंडळीच्या मनात येणे शक्य होते, ना प्रेक्षकांच्या. एका पित्याला त्या दिवशी घरी बसून रडण्याची मुभाच नव्हती. या गोष्टीचा अभिमान बाळगताना आपण, म्हणजे प्रेक्षकांनी, त्या बापाकडून काय घेतले याचा हिशेब कधी केला नाही.

माझे म्हणणे असे मुळीच नाही की लिहिलेले संगीत श्रेष्ठ आणि गळ्यातले संगीत कनिष्ठ. गळ्यात जे वाढते त्याची उंची कागदाला गाठता येत नाही, हे आपल्या रागसंगीताने सिद्ध केले आहे. पण अशा कलेचा प्रेक्षक होणे अधिक जबाबदारीचे आहे. जेथे बदलीची व्यवस्था नाही, तेथे ‘आज नको’ असे म्हणण्याची तयारी प्रेक्षकाला ठेवावी लागते. आणि जेथे ती आहे, तेथे समोर आलेल्या अनोळखी माणसाला अनुपस्थित मोठ्या माणसाच्या मापाने न मोजता ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. ही दुसरी तयारी शाळेला चांगली ठाऊक असते. गुरुजी निवृत्त होतात, वर्गावर नवा शिक्षक येतो आणि पहिले काही दिवस मुले त्याला जुन्या गुरुजींच्या तराजूत तोलत राहतात. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनाही पहिल्या वर्षी हा तराजू चुकला नसेल.

आपण आज मला शांतपणे ऐकून घेतलेत. त्यातील किती श्रेय विषयाचे आणि किती आपल्या औदार्याचे, हा हिशेब मी मांडत नाही. ज्यांची ही जागा होती ते विद्वान मित्र लवकर बरे होवोत आणि पुढील वर्षी याच व्यासपीठावरून आपल्याला त्यांना ऐकण्याचा योग येवो, अशी प्रार्थना करून मी येथेच थांबतो.